गाठोड्यातली चांदणी

वडिवळे, गुरुवार, १७ जुलै

तीर्थस्वरूप दत्तोबामामा यांस,

प्रदीपचं डोकं तुमच्या पायांवर आहे असं समजून घ्यावं. समजून घ्यावं असं म्हणतो, कारण सध्या माझी कंबर वाकत नाही, आणि वाकली तर परत सरळ होत नाही. का, ते पुढे येईलच. डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हटलंय म्हणजे वाचायचंच नाही. काल तुमची लेक सविता म्हणाली की तुम्ही तिची पाठ वळली की काळा चष्मा वर करून औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचता. बाटलीवर काय कादंबरी लिहिलीय का? तेव्हा हे पत्र सविता मोठ्याने वाचेल आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचं. (सविता, कंसातलं तुझ्यासाठी आहे, ते मोठ्याने वाचायचं नाही. तू वाचणारच, लहानपणापासून तुला ओळखतो, पण मी सांगितलं होतं याची नोंद असावी.)

तसा फोनच केला असता. पण मार्च महिन्यापासून आपलं फोनवरचं बोलणं तुमच्या एका "बरं"पाशी येऊन थांबतं. तुम्ही चिडत नाही, ओरडत नाही, नुसतं "बरं" म्हणता आणि ठेवून देता. त्यापेक्षा शाळेत तुम्ही मारलेली पट्टी परवडली. पत्रात तुम्हाला मध्येच "बरं" म्हणता येणार नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. आई बरी आहे, तुमची आठवण काढते. म्हैस बरी आहे, ती कोणाची आठवण काढत नाही. घराच्या मागचं पत्र्याचं छत गळत होतं, ते मी स्वतः दुरुस्त केलं. आता दोन ठिकाणी गळतं.

मुद्द्यावर यायच्या आधी सविताला जरा समजावून सांगतो, नाहीतर ती वाचताना जांभया देईल. गाठोडं म्हणजे माझं नऊ वर्षांपूर्वीचं कार्टं. एखादा प्रोग्रॅम एका कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदाने चालतो आणि दुसऱ्यावर नेला की हे नाही, ते नाही म्हणून रुसून बसतो. तर त्याला लागणारं सगळं सामान एका यादीत लिहून ठेवायचं. गाठोडं ती यादी वाचतं, सामान बांधतं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन सोडलं की सगळं जागच्या जागी. हे मी लोकांना फुकट देतो. जगभरात हजार-दीड हजार लोक ते वापरतात आणि त्यातले निम्मे मला शिव्या घालतात, म्हणजे तसं बरं चाललंय. (आईला अजून वाटतं की मी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत बसून चिक्की बांधायचं काहीतरी बनवतो. मी तिची समजूत मोडलेली नाही, कारण शेजारणींना सांगायला तिला तेच सोपं जातं.)

या गाठोड्याचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. तुमचा तो सावडीचा प्रोग्रॅम, एकमेकांची भातलावणी करायच्या पाळ्या लावणारा. तुम्ही तो केलात त्याच्या आधी लावणीच्या दिवसांत गावात काय रणकंदन व्हायचं ते मला आठवतं. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, हे म्हणायला सोपं. पण आज कोण आणि उद्या कोण, यावरून सख्खे भाऊ चिखल झाडत एकमेकांच्या अंगावर जायचे. तुम्ही शाळेतला भंगारात काढलेला कॉम्प्युटर देवळाच्या मागच्या खोलीत आणून ठेवलात, कोणाचं रोप कधी पेरलं आणि कोणाच्या घरातून किती माणसं येतात ते त्यात भरलंत, आणि बाहेर आला तो पाळीचा कागद महिपतीआबांनी देवळाच्या फळीवर लावला. त्या दिवसापासून भांडणं बंद. म्हणजे लावणीपुरती बंद. बांधावरची चालू आहेत, काळजी नसावी.

पुढे मी गाठोडं केलं तेव्हा तुम्ही तो प्रोग्रॅम त्यात बांधायला घेतलात आणि हटून बसलात. तुमचं म्हणणं, यादीत दोन प्रकारचं सामान असतं. एक, कोणी मागितलं तर बांधायचं. दुसरं, कोणी मागो न मागो, जायलाच हवं. त्या दुसऱ्याच्या पुढे एक चांदणी काढायची सोय कर. मला ते फार विचित्र वाटलं होतं. जगात कुठल्याच अवजारात अशी चांदणी नव्हती. पण मामा म्हणतायत तर करून टाकू, अर्ध्या तासाचं काम, म्हणून मी ती घातली. आणि तुम्ही तुमच्या यादीत चांदणी काढलीत ती एकाच फायलीपुढे: 'हक्काची घरं'. ज्या घरांत सावडीला पाठवायला हातच नाहीत अशी सात घरं. ती कोणाच्या खाचरात जात नाहीत, पण त्यांच्या खाचरात सगळे जातात. कागदावर त्यांची नावं इतरांसारखीच, इतरांच्या मधेमधे. कोण हक्काचं आणि कोण नाही हे फक्त त्या फायलीला ठाऊक, आणि गावाला ठाऊक असून न ठाऊक.

हे सगळं मी विसरलो होतो, मामा. साफ विसरलो होतो, हे आधीच कबूल करतो.

आता माझीही बाजू ऐका. नऊ वर्षांत गाठोड्याची यादी लिहायच्या तीन पद्धती झाल्या होत्या. पहिली तुमची चांदणीवाली, दुसरी मधली, तिसरी आत्ताची. लोक तिन्ही वापरत, आणि मी कुठे एक ओळ बदलली की तिन्ही पद्धतींत काही मोडलं नाही ना हे बघत बसायचं. समजा घरात एक पाहुणा बिनसाखरेचा चहा पिणारा, एक गुळाचा, आणि एक नऊ वर्षांपूर्वी कधीतरी येऊन कोरा चहा मागून गेलेला, तो पुन्हा येईल म्हणून रोज एक भांडं कोऱ्या चहाचं चढवायचं, असं चाललं होतं. सगळा दिवस चूल अडकलेली. नवीन काही करायला हातच मोकळा नाही. म्हणून पाच वर्षांपूर्वी मी एक सूचना घातली: ज्याच्या यादीत चांदणी दिसेल त्याला पडद्यावर पिवळ्या रंगात इंग्रजीतून एक ओळ दिसायची, की बाबा रे, ही जुनी पद्धत लवकरच बंद होणार आहे, तुझी यादी बदल. पाच वर्षं! भाडेकरूलासुद्धा कोणी इतकी मुदत देत नाही. पाच वर्षांत एकानेही तक्रार केली नाही, तेव्हा मी धरून चाललो की चांदणी वापरणारं आता कोणी उरलेलंच नाही.

मार्चमध्ये तुमचा फोन आला तो नेमका यावर. मी चांदणी काढून टाकतोय हे सविताने तुम्हाला कुठेतरी वाचून दाखवलं असेल. तुम्ही म्हणालात, "चांदणी ठेव रे." मी वीस मिनिटं तुम्हाला व्याख्यान दिलं. जुनं किती दिवस वाहायचं, कुठेतरी थांबायला पाहिजे, आणि आता ती चांदणी वापरतं कोण, असंही म्हणालो. कोणाला विचारतोय हे कळायला हवं होतं मला. तुम्ही म्हणालात, "बरं." पुढच्या आठवड्यात तुमचं पहिलं ऑपरेशन झालं, आणि गाठोडं तीन, म्हणजे चांदणी काढून टाकलेली आवृत्ती, बाहेर पडलं. त्याच्या जाहीर निवेदनात मी काय लिहिलं होतं ते सांगायची लाज वाटते, पण लिहितो: "नऊ वर्षांचा केर काढला आहे. ज्यांना अजून जुनंच हवं आहे त्यांनी आता झोपेतून उठावं." लोकांनी वाहवा केली. मी खोलीतल्या चौघांना भजी खिलवली. (सविता, हा भाग वाचताना आवाज जरा खाली घे. किंवा खोक.)

आणि मग मी घरचा मान म्हणून सगळ्यात आधी कोणाचा कॉम्प्युटर नवा केला असेन? देवळामागचा. स्वतः जाऊन, उदबत्ती लावून. सावडीचा प्रोग्रॅम नव्या गाठोड्यात पुन्हा बांधला, सोडला, चालू केला. एका अक्षराचीही कुरकुर नाही. छपाई यंत्रातून जूनअखेरीला पाळीचा कागद आला तो इतका स्वच्छ की मलाच माझं कौतुक वाटलं. तो घेऊन मी महिपतीआबांकडे गेलो. आबांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "ह्यो कागद खरा न्हाई."

मी म्हटलं, का? तर म्हणे, वरची इंग्रजी ओळ कुठाय? मामा, तुमचा प्रोग्रॅम पडद्यावर जे जे येतं ते सगळं कागदावर छापतो. म्हणजे माझी ती पिवळी सूचना गेली पाच वर्षं दर पाळीच्या कागदाच्या माथ्यावर छापून येत होती. ती काय आहे हे गावात कोणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही. सगळ्यांनी तो शिक्का समजला. आबा तर दरवर्षी त्या ओळीला कुंकू लावून मगच कागद फळीवर चिकटवायचे. लोकांनी जागं व्हावं म्हणून मी बोंबलत होतो, आणि गावाने त्या बोंबलण्याची पूजा बांधली होती! मी आबांना तासभर समजावलं की ती ओळ म्हणजे धोक्याची सूचना होती, ती गेली हे चांगलं झालं, आजार बरा झाला. आबा म्हणाले, "आसंल बाबा. पर वळ न्हाई तवर मी फळीला लावायचा न्हाई. लोकं मला इच्यारत्याल."

मग मी काय केलं? खोटेपणा केला. ती ओळ जशीच्या तशी हाताने टाइप केली, कागदाच्या माथ्यावर बसवली, पुन्हा छापलं. आबांनी बघितलं, मान हलवली, कुंकू लावलं, फळीवर चढवला. मी हसत हसत घरी आलो आणि हा किस्सा आईला रंगवून सांगितला. आई हसली नाही. ती म्हणाली, आबा उगीच हटत न्हाईत. मी म्हटलं, आई, तुला यातलं कळत नाही.

मामा, तुम्हाला एव्हाना कळलं असेल. ओळ चांदणी दिसल्यावर यायची. ओळ नाही, कारण चांदणी नाही. चांदणी नाही, म्हणून ती फाईल नाही. फाईल नाही, म्हणून ती सात घरं नाहीत. नव्या गाठोड्याला चांदणी कळत नाही, ते ठीक. पण कळत नाही म्हणून त्याने ओरडायला तरी हवं होतं. मी त्याला शिकवून ठेवलं होतं की जे कळत नाही ते मुकाट्याने सोडून पुढे जायचं. (घरात मीही तेच करतो असं आई म्हणते.) आबा खोटा कागद बरोबर ओळखून बसले होते, आणि मी त्यावर खोटा शिक्का मारून तो खरा करून दिला होता.

लावणी सुरू झाली. रोज तीन-तीन घरं. आई रोज सकाळी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन जायची. आमच्या घरचे हात म्हणजे तिचेच, मी आपला कॉम्प्युटरवाला म्हणून मला कोणी धरत नाही. सहाव्या दिवशी, म्हणजे गेल्या बुधवारी, मी गाडी घेऊन कामशेतकडे निघालो होतो. ओढ्याच्या वळणावर बयाबाईंचं खाचर लागतं. बघतो तर बयाबाई एकट्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात रोपाची एक जुडी, दुसरा हात गुडघ्यावर, आणि पुढे सगळं रिकामं चिखलाचं खाचर. एका कोपऱ्यात चादरीएवढा तुकडा लावून झालेला. दोन दिवसांत तेवढाच. मी गाडी उभी करून विचारलं, मावशी, अजून पाळी नाही आली तुमची? त्यांनी वर न बघताच सांगितलं, "यंदा नाव न्हाई आलं, बाबा."

मी म्हटलं, मग बोललात का नाही कोणाला? तर त्या म्हणाल्या, "काय बोलायचं? इतकी वर्सं आलं, मी कुनाच्या खाचरात ग्येले व्हय? गावानं ठरवलं आसंल. लय वर्सं सांभाळलं त्यांनी." आणि पुन्हा वाकून लावायला लागल्या. मामा, तेवढं एक वाक्य ऐकून मला जे वाटलं ते मला लिहिता येत नाही. त्यांना राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आपलं नाव गळालं ते बरोबरच गळालं असणार, असं त्या धरून चालल्या होत्या, आणि विचारायला गेलं तर आपण मागायला आलो असं दिसेल, म्हणून गप्प. एकीकडे माझं गाठोडं मुकाट, एकीकडे त्या मुकाट. आणि फळीपुढे उभा राहिलेला प्रत्येक जण आपापलं नाव बघून घरी गेलेला. शेजारच्या वाफ्यातलं त्यांचं रोप महिन्याचं होऊन गेलं होतं, शेंडे पिवळे पडायला लागले होते. रोप जून झालं की लावून न लावून सारखंच, आणि तेवढ्या एका खाचराच्या भातावर त्यांचं वर्ष निघतं. मागाहून मी आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्यांना वाटलं बयाचं नाव म्होरल्या कागदावर असंल.

मी गाडी तिथेच टाकून देवळामागे पळालो. दुपारपर्यंत घोळ कळला आणि संध्याकाळच्या आत चांदणी गाठोड्यात परत बसवली. गंमत बघा, काढायला मला तीन महिने लागले होते. प्रोग्रॅम पुन्हा बांधला, कागद काढला. सातही घरं आली, माथ्यावर पिवळी ओळही आली, खरी. सहा घरांनी उशिरा पेरलं होतं, त्यांच्या पाळ्या वेळेत बसल्या. पण बयाबाईंचं नाव आलं ते आठवड्यानंतर, अगदी शेवटाला. कारण पाळ्या लागून गेलेल्या, मधे कुठे जागाच नाही. आठवड्याने ते रोप गुरांना घालायच्या लायकीचं राहिलं असतं. गाठोड्यात चूक झाली तर ती गाठोड्यात दुरुस्त करता येते असं मी आजवर समजत होतो. पण रोपाला काय माहीत, नवी आवृत्ती आली म्हणून? ते आपलं रोज एक दिवसाने म्हातारं होतं.

संध्याकाळी आबांच्या ओट्यावर सगळे जमले. मी तोंड उघडलं आणि अगदी "ज्या घरांतून कोणी येत नाही अशी सात" इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात आईने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझं वाक्य तिथेच मेलं. मग मी एवढंच म्हणालो की माझ्या हातून सात नावं गळाली, चूक माझी, आणि शिक्क्याची ओळही मीच खोटी बसवली होती.  आबा म्हणाले, "तरी मी म्हनत व्हतो." त्यांनी ते तीनदा म्हटलं, आणि गेल्या आठवड्याभरात आणखी चाळीस वेळा म्हटलंय, तो त्यांचा हक्कच आहे. पण दिवस कुठून आणायचा?  कोणाचं रोप कमी म्हातारं नव्हतं. आणि मग आई म्हणाली, "उद्या आमची पाळी हाय. ती बयाला द्या. आमची शेवटाला लावा." आमचंही रोप पंचवीस दिवसांचं झालं होतं, मामा. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने पुन्हा चिमटा काढायच्या बेताने माझ्याकडे बघितलं. आबा म्हणाले, "आन् ह्यो बी यील लावाया." ह्यो म्हणजे मी.

गेलो. अर्धी विजार दुमडून, टोपी घालून, लोणावळ्याला शनिवार-रविवारी धबधब्याखाली भिजायला येतात त्यातलाच एक दिसत असणार. लहानपणी लावणी केली होती, हाताला आठवेल असं वाटलं. हाताला आठवलं, पायाला नाही. मी लावत लावत पुढे चाललो. दहा पावलं गेल्यावर हसायचा आवाज आला म्हणून मागे बघितलं, तर माझ्या दोन ओळी माझ्याच पायांनी चिखलात गेलेल्या. बयाबाई बांधावर बसल्या होत्या, त्यांना कोणी उतरू दिलं नव्हतं. त्या तिथून ओरडल्या, "आरं मागं सरत लाव! लावल्यालं तुडवू नगं!" सगळं खाचर हसलं. मीही हसलो. पण मग दिवसभर मागे सरत लावताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण नऊ वर्षं ज्या गोष्टीवर मी मोठमोठे लेख लिहिले ती या बाईने दोन वाक्यांत, तेही बांधावर बसून, पान लावता लावता सांगून टाकली होती.

दुपारी तीनला बयाबाईंचं खाचर लावून पुरं झालं. त्यांनी सगळ्यांना गुळाचा चहा दिला, मला दोनदा. मी एकट्याने त्यातला निम्मा भाग लावला आणि तेव्हापासून माझी कंबर अशी झाली आहे. गाठोड्याची नवीन आवृत्तीही बाहेर काढली. निवेदनात लिहिलं की चांदणी परत आली आहे आणि आता ती जाणार नाही. आणि गाठोड्याला जे कळत नाही तिथे ते यापुढे थांबेल आणि विचारेल, मुकाट्याने पुढे जाणार नाही. एका गृहस्थाने कुठून तरी लांबून लिहिलं की केर पुन्हा घरात का आणला. दुसऱ्या तिघांनी लिहिलं की आमचंही काहीतरी गुपचूप गळत होतं, कळत नव्हतं, आता कळलं. त्यांनीही पाच वर्षं तक्रार केली नव्हती. का, ते मी आता विचारत नाही.

मार्चमध्ये मी जे बोललो त्याबद्दल माफ करा. वाईट मी बोललो, आणि ऐकून घेतलंत तुम्ही. सविताला, तिच्या घरच्यांना नमस्कार. पडद्याकडे बघू नका, औषधाच्या बाटलीकडेही नको.

तुमचा भाचा,
प्रदीप

ता.क. आईने पत्र वाचायला घेतलं आणि म्हणते की खोटं तिकडे धाडू नको. तेव्हा दुरुस्ती: निम्मा भाग नव्हे. दीड ओळ. त्यातली एक बयाबाईंनी संध्याकाळी बांधावरून उतरून परत लावली. छताबद्दल जे लिहिलं त्यातही दोन नव्हे, चार ठिकाणी गळतं.

ता.क. दुसरा. आमची लावणी काल झाली, शेवटची. रोप थोडं जून होतं. आई म्हणते, व्हईल चार पोती कमी, खायला पुरंल.

(सविता, तुझं वाचून झालं. याच्या पुढचं पान वाचू नकोस, आणि या वेळी खरंच वाचू नकोस. घडी करून मामांच्या उशाखाली ठेव. आठ दिवसांनी नवा चष्मा आला की त्यांचं त्यांना वाचू दे. म्हणून अक्षर एवढं मोठं काढलंय.)

ता.क. तिसरा.

मामा,

चांदणी परत बसवताना तुमच्या त्या फायलीच्या सगळ्या जुन्या प्रती उघडून बघाव्या लागल्या. तुम्ही एकही पुसलेली नाही. सगळ्यात जुनी दोन हजार अकराच्या जुलैची. आत्ता फायलीत सात घरं आहेत. तेव्हा एकच होतं. तुमचेच शब्द:

"नंदा. पोरगं शिकतंय. कोणी विचारू नये."

वडील गेले ते त्या मे महिन्यात. मी पुण्याला, हॉस्टेलवर. आई एकटी. तेव्हापासून चारही वर्षांच्या प्रतींत आमचं घर आहे. मी कामाला लागलो त्या वर्षी नाही. म्हणजे अख्खी फाईल तुम्ही आमच्या घरासाठी काढलीत, आणि पुढे मला तिच्यासाठी चांदणी करायला लावलीत, आणि का ते सांगितलं नाहीत. मार्चमध्येसुद्धा नाही. मला हे कळलंय असं मी आईला दाखवलेलं नाही.

म्हणून खरं मागणं हे आहे. त्या चार वर्षांत आमच्या खाचरात कोण कोण उतरलं, त्यांची नावं मला हवी आहेत. ती कुठल्याही फायलीत नाहीत. तुमच्या डोक्यात आहेत. लावणी आता सरली, पण कापणीला मी एकेकाच्या शेतात जाईन. विळा धरता येत नाही, शिकेन.

दरवर्षी जुलैत आई हॉस्टेलवर फोन करायची, "लावणी झाली रं." मी "बरं" म्हणायचो आणि ठेवून द्यायचो. कोणी लावली, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता विचारतो.